मला गव्हाचं चालत न्हाय

रेवा, नील,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला होता. रेवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि तिथे तिने केक खाल्ला. चुकून नाही. समोर बशी आली, सगळ्या मुली बघत होत्या, आणि "मला चालत नाही" म्हणायची लाज वाटली, म्हणून खाल्ला. मग दोन दिवस पोट धरून अंथरुणात. तुमची आई रागावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आई, ही लाज कुठून शिकली असेल हो ही?"

तिने सहज विचारलं. मला मात्र उत्तर माहीत होतं.

म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते, आणि ही गोष्ट नीटनेटकी नाही. आईकडून वाचून घ्या. अडेल तिथे मला फोन करा. आणि तुमच्या ओळखीत एखादं मूल खातंपितं असूनही सुकत चाललं असेल, तर त्याच्या घरच्यांनाही सांगा. मी आता कुणाला काही सांगायला लाजायचं नाही असं ठरवलं आहे.

टिळकवाडीतलं घर

तुमचे बाबा, माझा मुलगा, ऑकलंडला नोकरीला गेले. तिथे घर मिळून जम बसेपर्यंत आईलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं. तेवढा काळ तुम्ही दोघं बेळगावला माझ्याकडे राहिलात. नील तिसरीत होता, रेवा चार वर्षांची. आजोबा त्याच्या आधीच गेले होते, त्यामुळे घरात मी आणि तुम्ही दोघं. कामाला मंगल यायची.

सांबऱ्याच्या विमानतळावर मी तुमच्या आईला म्हटलं होतं, "दीपा, मुलांची काळजी माझ्यावर सोड. तिकडे गेल्यावर मागे वळून बघू नकोस." मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे आयुष्यभर भूगोल शिकवला. माझ्या घरात पाणी उकळून गाळलेलं, भाजी मिठाच्या पाण्यातून काढलेली, जेवणाच्या वेळा ठरलेल्या. सकाळी ब्रेड किंवा उपमा, डब्यात चपातीचा रोल, संध्याकाळी दूध-बिस्कीट, रात्री मऊ चपाती दुधात कुस्करून. भाकरी आमच्याकडे कधीतरी हौसेने व्हायची. इतक्या शिस्तीत एखादं मूल आजारी पडूच शकत नाही, असं मला वाटायचं.

रेवा, तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुझ्या मनगटाला वळी पडायची. पावसाळा संपेपर्यंत ती गेली. हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट मात्र पुढे आलं. तू चिडचिडी झालीस. ताट समोर आलं की तोंड फिरवायचीस. खेळता खेळता जमिनीवर आडवी व्हायचीस. आणि दिवसातून तीन-चार वेळा शी, पातळ, फिकट, इतका वास की खिडकी उघडावी लागे.

हे शेवटचं मी कुणालाही सांगितलं नाही. एकदा शाळेतल्या आयाबाईंनी तुझा खराब झालेला स्कर्ट पिशवीत बांधून माझ्या हातात दिला. फाटकापाशी इतर मुलांच्या आया उभ्या होत्या. मी ती पिशवी माझ्या पर्समध्ये घातली, वर रुमाल ठेवला आणि त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत उभी राहिले. घरी येऊन मंगल यायच्या आत स्कर्ट धुतला. पुढे तो रोजचाच उद्योग झाला. मंगल विचारायची, "बाई, तुमीच का धुताय? मी हाय न्हवं?" मी म्हणायचे, "हात चालता राहतो गं."

स्वेटर

रविवारी सकाळी तुमच्या आईबाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी तुला खिडकीसमोर बसवायचे, म्हणजे गालांवर उजेड पडेल. केस दोन्ही बाजूंनी फुगवून बांधायचे. आणि स्वेटर घालायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा.

"आई, रेवाला स्वेटर कशाला?"

"जरा सर्दी आहे."

एकदा नीलच्या हातात फोन होता. तो म्हणाला, "आई, रेवाचं पोट फुग्यासारखं झालंय, दाखवू?" मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि "बघ, हा कसा चिडवतो बहिणीला" म्हणून हसले. नील, तू त्यावेळी माझ्याकडे पाहिलंस. खोटं कोण बोलतंय ते तुला कळलं होतं. तू पुन्हा काही बोलला नाहीस, आणि मला त्याचं बरं वाटलं. ही गोष्ट लिहायला मला फार जड जाते आहे.

शेजारी तर तोंडावर विचारायचे, "काय हो, नात खात नाही वाटतं काही?" त्याचा अर्थ एवढाच होता की आजी काही घालत नाही वाटतं खायला. मग मी आणखी घालायचे. माझं माहेर चिकोडीकडचं. माझा भाऊ दरवर्षी शेतातला खपली गहू पाठवतो. आमच्याकडे बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, अशक्त पोराला खपलीची खीर देतात. गहू भिजवून, कांडून, रटरट शिजवून त्यात गूळ, खसखस, ओलं खोबरं. गहू कसला, औषधच ते, असं आम्ही मानतो. रोज सकाळी तुला वाटीभर खीर. तू जितकी वाळायचीस तितकी मी वाटी मोठी करायचे.

डॉक्टरांकडे नेत नव्हते असं नाही. दोन ठिकाणी नेलं. जंतांचं औषध झालं, टॉनिक झालं, रक्तवाढीचे थेंब झाले, छातीचा फोटो झाला. गुण येईना. त्यांना मी दोष देत नाही. कारण ते विचारायचे, "पोट साफ असतं ना?" आणि मी म्हणायचे, "हो, तसं ठीक आहे." भूक नाही, एवढंच मी सांगायचे. ऐकायला सभ्य वाटेल तेवढं त्यांना सांगत होते आणि बाकीचं स्वतःजवळ ठेवत होते.

निपाणीची हवा

तुमच्या आईचं माहेर निपाणीजवळ. तिथे शेतातल्या घरी तुमची दुसरी आजी, शांताआक्का. तुम्ही तिला आक्काआजी म्हणता. दिवाळीच्या सुट्टीत ती तुम्हा दोघांना घेऊन गेली आणि शाळा सुरू झाली तरी "राहू द्या की अजून" म्हणत तिने तुम्हाला ठेवून घेतलं. परत आणून सोडलं तेव्हा रेवा दारातून पळत आत आली. खरंच पळत. गालांवर थोडा रंग होता.

"बघा ताई," शांताआक्का पायरीवरूनच म्हणाली, "आमच्याकडं पोरगी कशी टुणटुणीत झाली! लई हुंदडली. ज्वारीची भाकरी अन् ताक, दुसरं कायबी मागत न्हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला. तिथे न उकळलेलं विहिरीचं पाणी, अंगणात कोंबड्या, तंबाखूच्या शेतातली धूळ, आणि तिथे ही टुणटुणीत? मी म्हटलं, "मोकळी हवा मानवली असेल."

महिनाभरात रेवा पुन्हा होती तशी झाली. मे महिन्यात पुन्हा तोच प्रकार. निपाणीत बरी, बेळगावात आजारी. शांताआक्काने या वेळी निदान करून टाकलं, "ताई, रागावू नका, पण तुमच्या घराला कुणाची तरी नजर हाय. उंबऱ्यावर लिंबू ठेवा." मी म्हटलं, "आक्का, या घरात असलं काही चालत नाही." तिला माझ्या घरावर नजर दिसत होती, मला तिच्या अंगणातला कचरा दिसत होता. ताटाकडे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

"नॉर्मल"

जूनमध्ये शाळेच्या तपासणीत रेवाची उंची मोजली. वर्षभरात ती जवळजवळ वाढलीच नव्हती. शाळेने एका मुलांच्या डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. शांताआक्का तुम्हाला पोचवायला आली होती ती अजून घरातच होती. "मीबी येते" म्हणून निघाली. मला ते आवडलं नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. घरी कानडी बोलणाऱ्या असाव्यात, पण मराठी आपल्यासारखंच. त्यांनी रेवाचं पोट दाबून पाहिलं, मांड्यांवरची सैल कातडी चिमटीत धरली, पापणी खाली ओढली. मग विचारलं, "शी कशी होते हिला?"

"नॉर्मल," मी म्हटलं.

"अवो, कसली नॉर्मल!" शांताआक्का खुर्चीवरून पुढे सरकली. "पातळ, पांढुरकी, अन् वास तर इचारू नका. परवाच हितं मी धुतलीया पोरीला. पाणी वतलं तरी जात न्हाय."

माझे कान तापले. खोलीत आणखी एक बाई मूल घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आक्का, हळू."

"हळू कशापायी? डॉक्टरास्नी सांगितल्याबिगर कळतंय व्हय?"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. "आजी, हे किती दिवस आहे?"

तेव्हा मी खरं सांगितलं. वर्षभर. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला तसा मलाच ऐकू आला.

"आणि आमच्याकडं आली की थांबतंय," शांताआक्काने जोडलं. "नजर हाय म्हंते मी, तर ताईंना पटत न्हाय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय काय खाते?"

"भाकरी, ताक, भात, आमटी. शेंगदाण्याची चटणी."

"आणि बेळगावात?"

मी अभिमानाने सांगायला लागले. ब्रेड, उपमा, चपाती, बिस्किटं, शेवयांची खीर, खपलीची... सांगता सांगता मी थांबले. का थांबले ते मला तेव्हा कळलं नाही, पण डॉक्टरबाईंचा हात लिहायचा थांबला होता म्हणून असेल.

त्या म्हणाल्या, "काही मुलांच्या आतड्याला गहू सोसत नाही. सीलिएक म्हणतात. गव्हातलं एक प्रथिन आतड्याच्या अस्तरावर मार करतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. आहेच असं मी आज म्हणत नाही. रक्त तपासू. त्यात निघालं तर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा बघावा लागेल."

"मग आजपासून गहू बंद करते," मी म्हटलं.

"नाही की आजी. तपासण्या होईपर्यंत बंद करायचा नाही. बंद केला तर आतलं भरून यायला लागतं आणि नीट कळत नाही."

हे लक्षात ठेवा आणि कुणाला सांगाल तेव्हा हेही सांगा. संशय आला की लोक आधी चपाती बंद करतात, मूल जरा बरं होतं आणि निदान अर्ध्यात राहतं.

शेवटच्या चपात्या

रक्ताच्या तपासणीत संशय पक्का झाला. मग दुर्बिणीच्या तपासणीपर्यंतचे दिवस. त्या दिवसांत मी तुला चपाती भरवत होते, रेवा, आणि मला माहीत होतं ती तुला काय करते आहे. तू तोंड फिरवायचीस. आधी मी त्याला हट्ट म्हणायचे, कधी हातावर चापटही मारली होती. आता कळत होतं की तुझं पोट वर्षभर नाही म्हणत होतं. घास मी अगदी लहान करायचे. नील समोर बसून बघायचा आणि एकदा म्हणाला, "आजी, तिचा अर्धा मी खाऊ का, गुपचूप?"

तुमच्या आईला फोन करावाच लागला. ती आली. विमानातून उतरून थेट घरी, चपला काढायच्या आधी तिने तुला उचललं आणि तिचा चेहराच बदलला. उचलताच तिला वजन कळलं होतं. तिने तुझा स्वेटर काढला. फ्रॉक वर केला. मग म्हणाली, "आई, एकदा तरी सांगायचं मला."

मी म्हटलं, "तुला तिकडे काळजी नको म्हणून."

ते खरं नव्हतं. तिलाही कळलं की ते खरं नाही. ती तुझा फ्रॉक नीट करायला लागली. तिने ओरडायला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये एक रात्र राहिलो. सकाळपासून तुला पाणीसुद्धा नव्हतं आणि तू पाण्याच्या बाटलीकडे बघत होतीस, म्हणून आईने ती पदराखाली लपवली. हाताला सुई लावताना तू रडलीस. एका नर्सने त्याच हाताच्या पट्टीवर पेनाने मांजर काढून दिली, मग तू ती मांजर सगळ्यांना दाखवत फिरलीस. आत नेताना तू डॉक्टरांना विचारलंस, "पोटात कॅमेरा गेल्यावर मी हसू का?" ते म्हणाले, "हस की. फोटो चांगला येईल." तुझी आई तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रिपोर्ट आला. सीलिएकच. औषध नाही, ऑपरेशन नाही. गहू, रवा, मैदा, बार्ली यातलं काही आयुष्यभर नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे रक्तातून येतं, घरच्यांचीही तपासणी करून घ्या.

आणि मी, त्या खोलीत, तुमची आई आणि शांताआक्का दोघी बसलेल्या असताना म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नाही हो. हे आईकडून आलं असणार."

शांताआक्का, जी कधी गप्प बसत नाही, ती मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत राहिली.

भाकरी

त्यानंतर घरातला गहू निघाला. तुमची आई थोडे दिवस राहून, सगळं लावून देऊन परत गेली, कारण तिकडचे तुमचे कागद पूर्ण व्हायचे होते. शांताआक्का माझ्याकडे राहायला आली. मी त्या दिवशी बोलले त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मला भाकरी थापायला शिकवायला लागली.

मला येत नव्हती. वय झालेलं, आणि परातीत पीठ चिरतंय. मी पाणी मोजून घ्यायचे, पीठ मोजून घ्यायचे. शांताआक्का पदर तोंडाला लावून हसायची. "ताई, नकाशा काढताय व्हय? हातानं थापा, डोळ्यानं नगं." माझी पहिली भाकरी खरंच कुठल्यातरी बेटासारखी झाली. नील म्हणाला, "श्रीलंका."

गिरणीत गव्हावर आपली ज्वारी दळली तर पीठ बाटतं. मला गिरणीवाल्याला सांगायचा संकोच वाटायचा, तो काय म्हणेल. शांताआक्का गिरणीत उभी राहून ओरडली, "ए अण्णा, आधी झाड ती गिरणी! माझ्या नातीला गहू म्हंजे विष हाय!" सगळी रांग बघत होती. शेवटी मी घरीच लहान चक्की घेतली. लोकांना ती सोय वाटली. खरं तर मला रांगेत उभं राहायचं नव्हतं.

आणि एका सकाळी, मी पेपर वाचत असताना, तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालीस, "आजी, भूक लागली." वर्षभरात तू हे म्हणाली नव्हतीस. मी तव्यावर भाकरी टाकली आणि ती फुगली का करपली ते मला दिसेना.

खपली

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

तू सुधारत होतीस, पण पूर्ण नाही. पोट मधूनच पुन्हा पातळ व्हायचं. तोंड यायचं. शांताआक्का निपाणीला परत गेली होती. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर ते जितकं खाली यायला हवं होतं तितकं आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, कुठून काही गव्हाचं जात नाही ना?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मी स्वतः बघते. बिस्किटाचा चुरासुद्धा घरात येत नाही."

"आणि खीर?" रेवा, तू माझ्या शेजारून म्हणालीस. "आजी मला रोज खीर देते. शक्ती यायला."

"कसली खीर?"

मी म्हटलं, "ती खपलीची आहे. तो वेगळा. जुना, हलका, खताबिताचा नाही. मधुमेहवाल्यांनासुद्धा देतात."

"मधुमेहवाल्यांना द्या की आजी. खपली पण गहूच. हिला नको."

त्या अगदी हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. मुलांनो, खपली गहूच आहे हे मला माहीत नव्हतं का? मी वर्गात पिकांचे नकाशे शिकवले आहेत. पण गहू म्हणजे दुकानातला, पांढरा, पिशवीतला. खपली म्हणजे माझं माहेर, माझा भाऊ, आईच्या हातची वाटी. ती वाटी विष असेल हे मनात यायलाच तयार नव्हतं. डॉक्टरांनी गहू म्हटलं आणि मी मनात आपल्या सोयीने दोन गहू केले. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे होतं. म्हणून लिहून ठेवते: खपली नाही, शेवया नाहीत, सांडगे-पापडात कणीक असेल तर ते नाहीत, आणि डबीतल्या हिंगातही कणीक असते, तो विचारून घ्या.

खीर थांबली. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. तुझ्या मनगटाला पुन्हा वळी पडली.

पंगत

आता ते सांगते ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

तुम्ही ऑकलंडला जायच्या आधी निपाणीत शांताआक्काच्या पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत आपण तिघं एका ओळीत बसलो होतो. माझ्या दुसऱ्या बाजूला मुलाकडच्या एक प्रतिष्ठित बाई. वाढपी मांडे घेऊन आला. बेळगावकडच्या लग्नात मांडे नसले तर लोक नाव ठेवतात. तो तुझ्या पानाशी वाकला तशी तू हात आडवा धरलास आणि खणखणीत आवाजात, आक्काआजीसारखं, म्हणालीस, "मला गव्हाचं चालत न्हाय!"

पुढच्या ओळीतल्या बायका वळल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालंय हो हिला?"

"काही नाही," मी म्हटलं. "पोट जरा बिघडलंय." आणि मग तुझ्या कानाशी वाकून, "हळू. हे असं सगळ्यांना सांगायचं नसतं."

"का?"

"मुलींनी नसतं सांगायचं."

तुला ते कळलं नाही. पाच वर्षांची होतीस. पण तू मान खाली घालून भात कालवायला लागलीस, आणि नंतर खीर आली तेव्हा हात नुसता हलवलास. बोलली नाहीस. पंगतीच्या टोकाला शांताआक्का उभी होती. तिने पाहिलं होतं. हात धुताना ती एवढंच म्हणाली, "ताई, पोरीनं चोरी केलीया का?"

त्या दिवशी मी तुझा आवाज दाबला. तो केक तिथून आला आहे.

माझी पाळी

तुम्ही गेल्यावर तुमच्या आईबाबांनी तपासणी करून घेतली. आईला काही नाही. बाबांना निघालं, काहीही त्रास नसताना. बाबांना म्हणजे मग कुठून, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं रक्त लहानपणापासून कमी. गोळ्या घेऊनही कमी. वरचेवर तोंड यायचं. परीक्षेच्या काळात, लग्नकार्यात पोट बिघडायचं, त्याला मी नाजूक स्वभाव म्हणायचे. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, आजी, तुम्ही पण करून घ्या. मी वर्षानुवर्षं टाळलं. तपासणीत निघालं असतं तर त्या खोलीत मी जे बोलले होते ते मला परत घ्यावं लागलं असतं.

केकचा फोन आला आणि दुसऱ्या सकाळी मी रक्त द्यायला गेले. रक्ताचा रिपोर्ट काल आला. मलाही आहे. दुर्बिणीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर मीही चपाती खायची आहे. तुला भरवलेले ते लहान घास आता मी खाते आहे.

रिपोर्ट हातात घेऊन मी आधी निपाणीला फोन लावला. म्हटलं, "आक्का, ते आमच्याकडूनच आलं. माझ्याकडून. मी त्या दिवशी वाईट बोलले."

ती म्हणाली, "मला ठावं हुतं व्हय? मला वाटलं खरंच आमचंच असंल. म्हून गप बसले." आणि मग हसायला लागली. "बरं झालं ताई, आता भाकरी नीट शिका. श्रीलंका पुरं झालं."

आज दुपारी शहापुरात एका बारशाचं जेवण होतं. चपाती मला अजून बंद झालेली नाही, नुसती वाढून घेतली असती तरी चाललं असतं. पण मला एकदा म्हणून बघायचं होतं. पोळी वाढायला एक पोक्त बाई आल्या. मी म्हटलं, "मला... गव्हाचं..." त्यांना ऐकू गेलं नाही. पोळी पानावर यायला लागली. मी हात आडवा धरला आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जायचा त्या आवाजात म्हटलं, "मला गव्हाचं चालत न्हाय."

चार-पाच जणी वळल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालंय हो?" मी सांगितलं. सगळं. शीचंसुद्धा. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "न्हाय चालत तर न्हाय. भात घ्या की आजी, त्यात लाजायचं काय?" आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

रेवा, तू दिवाळीला येशील तेव्हा कुठेतरी पंगत असेलच. आपण शेजारी बसू. वाढपी आला की आधी मी बोलेन, तुला बरं वाटावं म्हणून. पण मग तू बोल. तुझा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो, मी ऐकला आहे.

तुमची,
आजी